मध्ये काय घालायचं?

पॅकिंगचा फोम विकणाऱ्या कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक आधी एकच गोष्ट करतं. तुकडा हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहतं. दबला आणि पुन्हा वर आला की काम झालं. सोफ्यासाठी ही परीक्षा चालते, कारण त्यावर बसणाऱ्यांचं वजन साधारण ठाऊक असतं. खोक्यात घालायच्या फोमबाबत मात्र अंगठ्याची साक्ष खोटी ठरते. तोच फोम, तेवढ्याच जाडीचा, दोन किलोच्या यंत्राखाली लाकडी फळीइतका कडक वागू शकतो आणि पन्नास किलोच्या यंत्राखाली जवळपास नाहीसा होतो. फोम मऊ आहे की कडक, हे वस्तू ठेवल्याशिवाय ठरतच नाही.

भोसरी, चाकण, वाळूज या औद्योगिक भागांत फोम कापून देणारी कितीतरी वर्कशॉप्स आहेत. तिथे मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग, मोजमापाची उपकरणं, वैद्यकीय यंत्रं यांच्यासाठी खाचे कापले जातात. कुठे डायने, कुठे तापलेल्या तारेने, कुठे राउटरवर, तर कुठे पाण्याच्या धारेने. कापण्याचं तंत्र आता फार पुढे गेलं आहे. वस्तूचा आकार संगणकावर द्यावा आणि हुबेहूब तसा खाचा मिळावा, यात नवल उरलेलं नाही. घोटाळा होतो तो आधीच्या पायरीवर, म्हणजे कुठला फोम, किती जाडीचा आणि वस्तूच्या कुठल्या भागाला टेकलेला, हे ठरवताना.

त्यासाठी पडण्याचा हिशेब समजून घ्यावा लागतो. कंबरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण ७५ सेंटीमीटरवरून सुटलेलं पार्सल जमिनीवर पोहोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळं अवलंबून आहे. फरशीवर थेट आदळलेली वस्तू एका मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सरासरी ७५० पट जोर येतो. तीच वस्तू अडीच सेंटीमीटर दबत दबत थांबली, तर ३० पट. या पटीला अभियंते ‘जी’ म्हणतात. अगदी नाजूक मापन उपकरणं २५ ते ४० जी सोसतात, संगणकासारख्या वस्तू ४० ते ६०, आणि घरगुती वापराची दणकट यंत्रं शंभराच्या आसपास. हे आकडे ढोबळ आहेत, पण निवडीची सुरुवात करायला पुरतात.

फोम काही आदर्श पदार्थ नाही. पाच सेंटीमीटरचा फोम पाचही सेंटीमीटर दबत नाही, आणि दबताना त्याचा विरोध पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाही राहत नाही. सुरुवातीला तो फार सहज दबतो आणि अखेरीस एकदम घट्ट होतो. त्यामुळे चांगल्यातला चांगला फोम घेतला, तरी हिशेबाने निघालेल्या अंतराच्या निदान तिप्पट जाडी लागते. ७५ सेंटीमीटरवरून पडणार आणि ५० जी सोसणार अशा वस्तूला साडेचार सेंटीमीटर. २५ जीच सोसणारी असेल तर नऊ. बाजारात बहुतेक खोक्यांमध्ये वस्तूच्या बाजूला जो बोटभर फोम दिसतो, तो किती पोकळ दिलासा असतो हे यावरून लक्षात यावं.

हे गणित नीट मांडणारा पहिला मोठा निबंध रेमंड मिंडलिन या अमेरिकी अभियंत्याने १९४५ साली लिहिला. तो बेल टेलिफोन कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात आला. तोवर भुसा, पेंढा, कागदाच्या पट्ट्या हेच साहित्य होतं आणि ते किती भरायचं हे भरणाऱ्याच्या हाताला ठाऊक असे. मिंडलिनने वेष्टनाला स्प्रिंगसारखं धरून त्याची समीकरणं मांडली. त्यातूनच पुढे फोमचे ‘कुशन कर्व्ह’ काढायची पद्धत रुळली. ठरावीक जाडीच्या फोमवर ठरावीक उंचीवरून वेगवेगळी वजनं टाकायची, प्रत्येक वेळी किती जी बसला ते मोजायचं आणि आलेख काढायचा.

या आलेखाचा आकार वाटीसारखा येतो. एका बाजूला भार फार कमी असतो. फोम दबतच नाही आणि धक्का जसाच्या तसा वर जातो. दुसऱ्या बाजूला भार फार जास्त असतो. फोम तळापर्यंत चेपतो आणि वस्तू जवळजवळ जमिनीवरच आपटते. मध्ये एक टप्पा असतो, तिथे फोम आपलं काम पुरतं करतो. निवड करायची ती या टप्प्याची. त्याचं माप एकच: फोमच्या दर चौरस सेंटीमीटरवर किती ग्रॅम वजन बसलं आहे.

एक उदाहरण घेऊ. तळ वीस बाय वीस सेंटीमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर. त्यावर २० किलोचं यंत्र असेल, तर दर चौरस सेंटीमीटरवर ५० ग्रॅम भार आला. पांढरा, थोडा कडक, पॉलिथिलीनचा जो ईपीई फोम सगळीकडे दिसतो, त्याच्या नेहमीच्या घनतेला साधारण ३५ ते ७० ग्रॅमचा भार मानवतो. या यंत्राखाली ईपीईची अखंड पाटी घातली की झालं. आता त्याच तळाचं, पण दोन किलोचं उपकरण घ्या. भार आला पाच ग्रॅम. ईपीईच्या दृष्टीने ते उपकरण त्याच्यावर बसलेलंच नाही. अंगठ्याला मऊ लागलेली पाटी धक्का जराही गिळणार नाही. इथे पॉलियुरेथेनचा, म्हणजे आपल्या ओळखीचा मऊ स्पंजी फोम हवा. त्याला साधारण सात ते अठ्ठावीस ग्रॅमचा भार लागतो. आणि तोही अखंड नको! चार कोपऱ्यांत सहा बाय सहाचे चार ठोकळे पुरेत. भार चौदा ग्रॅमच्या जवळ येतो आणि फोम कामाला लागतो.

म्हणजे हलक्या वस्तूला वाचवायचं तर फोम काढून टाकावा लागतो. हे सांगितलं की कारखान्यातला खरेदी विभागही क्षणभर गोंधळतो, कारण जास्त भरलं म्हणजे जास्त सुरक्षित ही समजूत घट्ट बसलेली असते. परदेशी बनावटीच्या यंत्राच्या खोक्यात कोपऱ्यांतच तुकडे आणि मध्ये रिकामी पोकळी दिसली की आपण म्हणतो, पैसे वाचवले. बहुतेक वेळा ते डोकं चालवलेलं असतं. अर्थात तुकडे बारीक करायलाही मर्यादा आहे. पाच सेंटीमीटर उंचीचा ठोकळा तीन सेंटीमीटर रुंदीचा ठेवला, तर तो दबायच्या ऐवजी बाजूला कलंडतो. रुंदी उंचीच्या निदान सव्वा ते दीडपट असावी, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

थर्मोकोलचं तंत्र वेगळं. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते आणि पहिला धक्का तो उत्तम घेतो. पण तो घेताना चेपतो आणि पुन्हा वर येत नाही. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये तोच असतो आणि एका अपघातानंतर हेल्मेट बदला असं सांगतात, त्याचं कारण हेच. टीव्हीचं खोकं कारखान्यातून घरापर्यंत एकदाच जातं, तिथे थर्मोकोल चालतो. सेवा केंद्रात वारंवार ये-जा करणाऱ्या उपकरणाला तो नको. फुग्यांच्या पारदर्शक कागदाबद्दलही लोकांच्या फार अपेक्षा असतात. १९५७ साली न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी तो भिंतीला लावायचा शोभेचा कागद म्हणून तयार केला होता. पुढे तो संगणकाच्या पॅकिंगला लागला. ओरखडे टाळायला आणि पोकळी भरायला तो छान आहे. जड वस्तू त्यावर टेकवली की फुगे फुटतात आणि उरतो नुसता प्लॅस्टिकचा कागद.

इलेक्ट्रॉनिक कार्डांसाठी येणारा गुलाबी फोम स्थिर वीज साठू देत नाही. पण त्याचा हा गुण हवेतल्या दमटपणावर चालतो आणि काही काळाने ओसरतो. काळ्या फोममध्ये कार्बन असतो, तो टिकतो. सगळाच काळा फोम मात्र कार्बनचा नसतो, नुसता रंगवलेलाही मिळतो. तेव्हा रंग पाहून घेऊ नये.

आता या सगळ्या हिशेबाची खरी परीक्षा घेणारी वस्तू पाहू: मिरजेचा तंबोरा.

मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. शस्त्रं बनवणाऱ्या शिकलगारांनी राजवटी बदलल्यावर हात वाद्यांकडे वळवला. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव त्यात पहिलं घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातल्या भीमेकाठच्या पट्ट्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वाळलेला भोपळा कडक असतो, पण ठिसूळ. त्याला जोडलेली लांब पोकळ दांडी, वर खुंट्या, खाली तबलीवर घोडी. असं वाद्य मिरजेहून पुणे, मुंबई आणि पुढे परदेशी जातं.

पॅकिंगच्या दृष्टीने याच्याइतका अवघड आकार शोधून सापडणार नाही. एका टोकाला मोठा गोल, दुसऱ्या टोकाला खुंट्यांचं वजन, आणि दोघांना जोडणारा गळा. बहुतेक तंबोरे भोपळ्यावर फुटतात असं वाटतं, पण गळ्याचा सांधा हीसुद्धा तितकीच नाजूक जागा. कारण उघड आहे. सव्वा-दीड मीटर लांबीची पेटी कोणी उचलून फेकत नाही. ती भिंतीला उभी टेकवतात आणि ती घसरून आडवी पडते. सरळ दांडा तळाशी टेकून कलंडला, तर त्याचं वरचं टोक तेवढ्याच उंचीवरून सुटलेल्या दगडापेक्षा जास्त वेगाने जमिनीवर येतं. १४० सेंटीमीटर उंच पेटीचं टोक ताशी २३ किलोमीटर वेगाने आपटतं, म्हणजे जणू ते दोन मीटरहून अधिक उंचीवरून पडलं. भोपळ्याकडचा भाग त्या मानाने जागच्या जागी असतो.

फायबरच्या पेट्यांमध्ये भोपळ्याभोवती गच्च फोम आणि दांडीखाली एखादाच पातळ तुकडा अशी रचना बरेचदा दिसते. त्यात भोपळा लगेच थांबतो, दांडीचं टोक पुढे जात राहतं, आणि दोन्हींमधला सगळा वाद गळ्यावर मिटतो. तंबोऱ्याचा फोम निवडायचा म्हणजे भोपळा आणि दांडी एकाच वेळी, एकाच अंतरात थांबतील असं पाहायचं. वर सांगितलेलं चौरस सेंटीमीटरचं माप इथे उपयोगी पडतं. भोपळा रुंद आहे, त्याच्याखाली पूर्ण वाटी कापली तर फोमवर भार फार कमी येतो. म्हणून नुसतं कडं ठेवावं आणि मधला भाग मोकळा सोडावा. दांडी अरुंद आहे. तिच्याखाली लांब पट्टी द्यावी, आणि ती खुंट्यांकडे रुंद होत जावी, कारण तिथे वेग जास्त आहे. खुंट्यांना फोम टेकू देऊ नये. झाकणातला फोम भोपळ्याच्या कडेवर यावा, घोडीवर मुळीच नाही. तारा ढिल्या कराव्यात, पण घोडी निसटेल इतक्या नव्हे.

तंबोरा नेमके किती जी सोसतो हे मोजायला तंबोरे पाडून पाहावे लागतील, आणि ते पाप कोणी करणार नाही. म्हणून अशा ठिकाणी उपकरणांचा सगळ्यात कडक आकडा धरून चालावं आणि फोम जाड घ्यावा.

पेणच्या गणपतीचा प्रश्न याच्या उलट आहे. शाडूची मूर्ती जड, कच्च्या मातीची. दाब ती छान सोसते, पण हात, सोंड, कान यांच्यावर आडवा जोर आला की गेली. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी जहाजाने निघतात. वाटेत आठवडेच्या आठवडे इंजिनची थरथर असते. मूर्तीचा सगळा भार बैठकीने आणि पाठीने घ्यावा, हातांपाशी मोकळी जागा ठेवावी, हे इथलं सूत्र. सोंडेभोवती प्रेमाने कोंबलेला फोमचा बोळा बहुधा सोंड मोडायलाच कारण होतो, कारण मूर्ती जरा सरकली की तिचा भार त्या बोळ्यावर येतो. आणि रंग पुरता वाळला नसेल तर फोम त्याला चिकटतो, त्याच्या छिद्रांची नक्षी मूर्तीच्या गालावर उमटते. मध्ये मऊ कागद हवाच.

थरथरीची गोष्ट निघाली तर एवढं सांगायला हवं की प्रत्येक फोमला त्याच्यावरच्या वजनानुसार स्वतःची एक लय असते. वाहनाची थरथर त्या लयीशी जुळली, तर फोम धक्का कमी करायच्या ऐवजी वाढवतो. मऊ फोममध्ये बसवलेल्या वस्तूचे स्क्रू सैल होऊन येतात ते यामुळे. शंका असेल तर नमुना खोकं टेम्पोत घालून खराब रस्त्याने एक फेरी मारून आणावं. प्रयोगशाळेत करायचं असेल तर इस्टा या आंतरराष्ट्रीय सुरक्षित वाहतूक संघटनेच्या साध्या चाचणीत दहा किलोखालचं खोकं ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा बाजूंवर. अंधेरीत १९६६ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, तिथे वेष्टनांच्या चाचण्या होतात. छोट्या उद्योजकांनी तिकडे जरूर जावं; एका परत आलेल्या कंटेनरच्या मानाने चाचणीचा खर्च किरकोळ असतो.

प्रवास संपला आणि वस्तू कपाटात गेली की फोमची निवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. प्रवासात फोमवर काही क्षण जोर येतो, साठवणीत तो वर्षानुवर्षं असतो. सतत भाराखाली फोम हळूहळू बसत जातो. जाडी दहा टक्क्यांहून जास्त घटली तर खाचा सैल झाला असं समजावं. त्याहून वाईट म्हणजे पॉलियुरेथेनचं म्हातारपण. जुन्या स्पीकरच्या कडेची काळी पट्टी बोट लावताच भुरभुरून पडते, सत्तरच्या दशकातल्या कॅमेऱ्यांतला आरशाजवळचा फोम काळ्या चिकट डांबरासारखा होतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दमट हवा हे काम लवकर उरकते. कोकणात किंवा मुंबईत लेन्स स्पंजी फोमच्या बंद पेटीत पावसाळाभर ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, कारण हा फोम ओल धरून ठेवतो. ईपीई पाणी शोषत नाही, म्हणून साठवणीला तोच बरा. सोबत सिलिका जेलची पुडी हवी आणि ती अधूनमधून वाळवायला हवी.

संग्रहालयांनी हा धडा आधीच घेतला. तिथे कलावस्तूंच्या खाली शुद्ध पॉलिथिलीनचा फोम वापरतात आणि पॉलियुरेथेन टाळतात. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये सुचवलेली चाचणी आजही चालते. फोमचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पत्र्यांसोबत थोड्या पाण्यावर बंद काचेत ठेवायचा, ६० अंशांवर २८ दिवस. पत्रे काळवंडले किंवा गंजले तर फोम नापास. गंधक घातलेल्या रबराजवळ ठेवलेली चांदी काळी पडते, हे तर घरातही दिसतं. देवाची जुनी भांडी, नाणी, पदकं स्पंजच्या खाच्यात वर्षानुवर्षं ठेवलेली असतील तर आजच काढावीत.

पैशाचाही विचार करायला हवा, कारण जाड फोमची खरी किंमत फोममध्ये नसते. विमानाने जाणाऱ्या कुरियरचं वजन लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागून काढायची पद्धत आहे. ४० सेंटीमीटरचं चौकोनी खोकं १२.८ किलोचं धरलं जातं. प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटर फोम वाढवला की तेच २५ किलोचं होतं, आत वस्तू कितीही हलकी असली तरी. म्हणून जाडी वाढवण्याआधी नेमका फोम आणि नेमकं क्षेत्र निवडणं फायद्याचं.

राहता राहिला कचरा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटवाट्या आणि सजावट यांवर बंदी घातली. तेव्हापासून लोक थर्मोकोलला वाईट आणि बाकी सगळ्या फोमला चांगलं मानू लागले आहेत. तसं काही नाही. साधा ईपीई वितळवून पुन्हा वापरता येतो. रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेला, गुळगुळीत, महाग एक्सएलपीई वितळत नाही. पॉलियुरेथेनही वितळत नाही. त्याचा चुरा डिंकाने बांधून रीबॉन्डेड गाद्या होतात, तेवढाच त्याचा पुनर्जन्म. लगद्याचे साचे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुठ्ठा हे पर्याय एका दिशेने जाणाऱ्या मालासाठी आता खरोखर चांगले झाले आहेत. पाचशे ग्रॅमच्या काचेच्या वस्तूला फोमच हवा, हा हट्ट सोडायला हरकत नाही. तंबोऱ्याला आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांना मात्र अजून फोमच हवा.

तेव्हा फोमवाल्याकडे जाताना वस्तू सोबत न्या, आणि चार गोष्टी कागदावर लिहून न्या: वजन, तळाचं क्षेत्रफळ, किती उंचीवरून पडण्याची शक्यता आहे, आणि ती खोक्यात आठवडाभर राहणार की दहा वर्षं. यातलं काहीही न विचारता जो थेट ‘किती एमएमचा देऊ?’ म्हणतो, त्याच्याकडून सोफ्याचा फोम घ्या, पॅकिंगचा घेऊ नका.